काळा, पण कुठला काळा?

संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर काळ्या कापडाकडे आपण बायका फार निरखून बघत नाही. लाल म्हटला की डाळिंबी वेगळा, कुंकवाचा वेगळा, विटकरी वेगळा. हिरव्यात तर विचारायलाच नको. काळा मात्र एकच! दुकानदारही म्हणतो, "ताई, काळा तो काळा, त्यात काय बघायचं?" पण मैत्रिणींनो, हेच काळे टी-शर्ट घाऊक आणून, त्यावर छपाई करून चार पैसे मिळवायचे असतील, तर त्या काळ्यात काय बघायचं हेच आधी शिकावं लागतं. छपाई त्यानंतर.

आमच्या टेंभुर्णीत बचत गटातल्या नऊ जणी गेली काही वर्षं हे काम करतात. गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, पंढरपूर जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती, मग आषाढीला स्वयंसेवकांचे शर्ट, पाठोपाठ गणपती मंडळं. मंडळाच्या पोरांना गडद रंगच हवा असतो. पांढरा मळतो म्हणून नको, आणि काळ्यात फोटो चांगला येतो म्हणे!

सुरुवात रबर प्रिंटनं झाली. रबर प्रिंट म्हणजे कापडावर बसवलेला प्लास्टिकचा थर. दिसायला झगझगीत, पण छातीभर मोठं चित्र असलं की आपल्याकडच्या उन्हात अंगावर ताडपत्री घातल्यासारखं होतं. चुकून वरून इस्त्री फिरली की चिकटतं. नीट शेकलं गेलं नसेल तर काही धुण्यांत भेगा पडतात. मग मंडळाचा अध्यक्ष शर्ट घेऊन दारात उभा, "काकू, बाप्पाची सोंड गेली की!"

तेव्हा सोलापुरातल्या एका जुन्या छपाईवाल्या मामांनी डिस्चार्ज छपाई सुचवली. डिस्चार्ज म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो. इथं डिस्चार्ज मिळतो तो कापडातल्या रंगाला. म्हणजे काळ्यावर पांढरा थापायचा नाही, तर जिथं चित्र हवं तिथला काळाच काढून टाकायचा. आत सुताचा मूळचा सायीसारखा रंग असतो, तो वर येतो. पेस्टमध्ये पिवळा, लाल असा छपाईचा रंग मिसळला तर काळा जातो आणि त्याच जागी तो रंग बसतो. धुतल्यावर हात फिरवला तर चित्र कुठं सुरू झालं ते बोटाला कळत नाही, इतकं मऊ.

ऊसपट्ट्यातल्या बाईला हे समजायला अवघड नाही. गुऱ्हाळात काकवीचा काळपटपणा जावा, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस पावडर टाकतात ना, त्याच भाऊबंदातली पावडर या पेस्टमध्ये असते. तिचं नाव झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्झिलेट. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. हे नाव पाठ करायला मला आठवडा लागला. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या एकीनं ते दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं. १०० ग्रॅम पेस्टला साधारण ६ ग्रॅम पावडर. ती पेस्ट जाळीतून कापडावर ओढायची, ओली असतानाच १६० अंशांच्या आसपास दीड-दोन मिनिटं शेकायची. उष्णता आणि ओल मिळाली की पावडर रंगाच्या रेणूचा कणा मोडते आणि काळा नाहीसा होतो. पहिल्यांदा बघणारीच्या तोंडून "अगंबाई" निघतंच.

आता खरी गोम. ही पावडर प्रत्येक रंगाचा कणा मोडू शकत नाही.

सुती कापड काळं करायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक रिअॅक्टिव्ह रंग, जो सुताशी पक्का जोडला जातो. त्यातले बहुतेक काळे या पेस्टनं छान निघतात. दुसरा सल्फर काळा. हा स्वस्त, गडद आणि धुण्याला टिकाऊ, म्हणून जगभर काळ्या सुती मालात पुष्कळ चालतो. पण डिस्चार्ज पेस्टला तो दाद देत नाही. रंग थोडा मळकट, तपकिरी होतो आणि तिथंच थांबतो. मुळात हा रंग कापडावर चढवतानाच पाण्यात उतरवून, मग हवेवर परत काळा करतात. त्याला उतरण्याची सवयच असते म्हणा ना! हायड्रोसचा पिवळा गूळही काही दिवसांनी पुन्हा काळवंडतो, तसंच काहीसं. दोन्ही शर्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही फरक कळत नाही. शिंप्याला कळत नाही, पुष्कळदा विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

यातला एक फसवा सल्ला मात्र आधीच सांगून ठेवते. "ब्लीचचा थेंब टाकून बघा, रंग उडाला तर घ्या," असं बाजारात हमखास सांगतात. ऐकू नका. सल्फर काळा ब्लीचनं उडतो, आणि आपल्या पेस्टनं मात्र हलत नाही. ब्लीचचं काम वेगळ्या रीतीनं चालतं, आपल्या पावडरचं वेगळ्या.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी एका मंडळाची १२० शर्टांची ऑर्डर आली. व्यापाऱ्याकडून दोन नमुने मागवले, दोन्हींवर छपाई करून बघितली, पांढरं शुभ्र चित्र आलं. पैसे भरले, माल आला. पहिले ७२ शर्ट सुरेख निघाले. मग मोठ्या मापाची पिशवी फोडली आणि दाबयंत्रावरची आमची ताई ओरडलीच, "वहिनी, ह्यो शर्ट रंग सोडंना झालाय!" एक नाही, दोन नाही, त्या मापाचे ४८च्या ४८. मंडळाला शर्ट हवे होते तिसऱ्या दिवशी.

व्यापाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मालकांना द्या जरा." म्हटलं, मालक आम्हीच. तर म्हणे, "वहिनी, छपाईत काही तरी कमी-जास्त झालं असेल. माल तर एकच आहे." माल एक नव्हताच. लहान मापं एका रंगाईतून आलेली, मोठं माप दुसऱ्या. तयार कपड्यांच्या धंद्यात हे नेहमी होतं. प्रत्येक मापाचं कापड वेगळ्या तागातून कापलेलं असू शकतं. पण बिलावर फक्त "काळा प्लेन १२० नग" एवढंच. भांडायचं कशाच्या जोरावर? शेवटी त्या ४८ शर्टांवर पांढऱ्या पिगमेंटचे दोन हात देऊन माल दिला. मंडळाच्या पोरांनी समजून घेतलं, पण त्या शर्टांचे पैसे कमी करून दिले. नऊ जणींच्या पंधरा दिवसांच्या मजुरीतून ते वजा झाले. कुणाच्या मुलाची क्लासची फी पुढं ढकलली गेली, कुणाचा गटाचा हप्ता थकला.

त्यानंतर गटात बरीच वादावादी झाली. तेव्हा माल आणायला कुणाचे ना कुणाचे मालक जायचे. "बाजार पुरुषांचा, तुम्ही बायका तिथं काय करणार?" ही आमच्या घरोघरची समजूत. पण जे आणायला जायचे त्यांनी कधी पेस्टला हात लावलेला नव्हता. ते दर बघायचे, शिलाई बघायचे, गाडीभाड्याची घासाघीस करायचे. ती कामं त्यांनी चोख केली, त्यांना दोष नाही. पण रंगाबद्दल कुठला प्रश्न विचारायचा हे छापणारीलाच ठाऊक. तेव्हा ठरलं की यापुढं खरेदीला दोघी जायचं.

पहिल्या खेपेला पेस्ट सकाळी कालवून, घट्ट झाकणाच्या डबीत घालून निघालो. कालवलेली पेस्ट काही तासच कामाची असते, त्यामुळं पहिली एसटी पकडली. घाऊक दुकानात गेल्यावर नेहमीचंच, "साहेब मागून येतायत का?" म्हटलं, साहेब घरी गुरं बघतायत, तुम्ही माल दाखवा. प्रत्येक लॉटमधला एकेक शर्ट आधी विकत घेतला, म्हणजे खराब केला तरी कुणाचं ऐकून घ्यायला नको. शेजारीच इस्त्रीवाला होता. त्याला दहा रुपये देऊन इस्त्री कडक तापवून घेतली. शर्टाच्या खालच्या दुमडीला आतून पेस्टचा एक ठिपका, वर ओलसर फडकं, वर इस्त्री. चार शर्टांपैकी तिघांवर पाढराफटक डाग उमटला, चौथ्यावर चहा सांडल्यासारखा. दुकानदार गल्ला सोडून बघायला आला. म्हणाला, "हे काय केलंत?" आमच्या ताईनं सांगितलं, "भाऊ, तुमचा हा चौथा लॉट आमच्या कामाचा न्हाई. बाकी तीन बांधा." त्यानंतर चहा आला! इस्त्रीवर फक्त रंग निघतो की नाही तेवढं कळतं, बरं का. खरी छपाई दाबयंत्रावर किंवा शेकायच्या मशीनवरच.

रंगाखेरीज कापडही बघावं लागतं. ही पेस्ट सुतावर काम करते, पॉलिएस्टरवर नाही. शर्टावर "कॉटन" लिहिलंय म्हणजे पूर्ण सुतीच असेल असं नाही. शिवणीतून दोन धागे काढून काडीनं जाळून बघा. सुती कागदासारखं जळतं, वास कागदाचा, राख मऊ. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापडावर फक्त सुताचा रंग निघतो आणि चित्र धुरकट, करडं दिसतं. काही कॉलेजच्या मुलांना ते जुनाट दिसणं आवडतंही, पण तसं आधी ठरलेलं हवं. धागे घेताना कापडाचे घ्या, शिलाईचे नको. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरच असतो. म्हणूनच खांद्याच्या किंवा बाजूच्या शिवणीवरून चित्र गेलं की मधोमध काळी रेघ राहते. आम्ही मंडळांना सांगतो, चित्र शिवणीपासून दोन बोटं आत घ्या.

कापडाचं वजन हा दुसरा खेळ. व्यापारी सांगणार १८० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम. खरं-खोटं करायला दहा सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा कापायचा आणि सोनाराच्या काट्यावर टाकायचा. १.८ ग्रॅम भरला तर १८०, दीडच भरला तर १५०. आमचे सोनारकाका आधी हसले, आता तेच म्हणतात, "आणा, आज कुणाचा शर्ट तोलायचाय?" बायोवॉश केलेला माल थोडा महाग पडतो, पण कापडावरची लव एन्झाइमनं साफ केलेली असते, त्यामुळं बारीक रेघा स्वच्छ येतात. अक्षरं बारीक असतील तर तिथं पैसे वाचवू नका.

किलोवर मिळणारा उरलासुरला माल, ज्याला स्टॉकलॉट म्हणतात, तो आम्ही या कामाला घेतच नाही. दर बघून मोह होतो. पण त्यात दहा रंगायांचा माल एकत्र असतो. शिवाय डाग पडलेला किंवा उतरलेला फिका माल वरून काळ्यात बुडवून खपवतात. असा शर्ट छापला की कुठं खालचा गुलाबी वर येतो, कुठं काहीच येत नाही. रबर प्रिंटला तो चालेलही, डिस्चार्जला नाही. जुना पडून राहिलेला सल्फर काळा तर दमट गोदामात हळूहळू विरतो, ओढला की फाटतो.

तुम्ही म्हणाल, सोलापूर जिल्ह्यात राहून टी-शर्टाची एवढी शोधाशोध? आपल्याकडची चादर भौगोलिक मानांकन मिळवून बसलीय, टॉवेल परदेशी जातात, शाळांचे गणवेश शिवून बाहेर जातात. पण चादर, टॉवेल मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणतात. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, स्वेटरसारखं टाक्याटाक्यांनी गुंफलेलं. ते काम सोलापूरच्या मागांचं नाही. त्याचं मोठं ठिकाण तमिळनाडूतलं तिरुपूर, नोय्यल नदीकाठचं. आपल्याकडच्या घाऊक दुकानांतला बराचसा चांगला माल फिरून-फिरून तिथूनच आलेला असतो.

त्या नदीची गोष्ट आपल्याला परकी नाही. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या पाण्यानं नोय्यल इतकी बिघडली की खालच्या ओरत्तुपाळयम धरणात शेतीच्या पाण्याऐवजी रंगाईचं पाणी साठलं. शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं, थेंबभरही नदीत सोडायचं नाही, या अटीशिवाय पुन्हा सुरू करायचे नाहीत असा निकाल होता. पुण्याचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीच्या काठावर राहणाऱ्या आम्हा बायकांना हे वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नकोच. आमचाही काळा शर्ट कुठल्या तरी नदीच्या पाण्यातूनच आलाय. म्हणून छापलेले शर्ट धुतलेलं आणि जाळ्या धुतलेलं पाणी विहिरीजवळ, गोठ्याजवळ सोडायचं नाही हा गटाचा पहिला नियम.

दुसरा नियम तब्येतीचा. शेकताना या छपाईला कुजक्या अंड्यासारखी घाण येते. वास सोसवेल एकवेळ, पण सोबत फॉर्माल्डिहाइडही सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलंय. "घरच्या घरी, स्वयंपाकघरात करता येणारा उद्योग" म्हणून कुणी हे शिकवायला आलं तर सरळ नाही म्हणा. आम्ही शेकायचं काम पत्र्याच्या मोकळ्या शेडमध्ये, दोन्हीकडून पंखे लावून करतो. पोटुशी बाई, अंगावर पिणारं मूल असलेली बाई, दम्याची बाई त्या शेडमध्ये येत नाही. तिला घड्या, हिशेब, पॅकिंग. मजुरी तेवढीच. पावडर कोरडी, कुलपात. ओल लागली तर ती बिघडते आणि तापतेही. शर्ट देताना "पहिल्यांदा धुऊन मगच घाला" अशी चिठ्ठी आत असते. लहान मुलांचे शर्ट आम्हीच धुऊन देतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पेस्ट जाळीतच सुकते, तेव्हा पहाटे पाचला सुरू करून दहाला बंद.

राहता राहिले बाकीचे रंग. मरून, नेव्ही, गडद करडा हे बहुतेक वेळा चांगले निघतात. बाटलीचा हिरवा लहरी आहे. तो बरेचदा मोरपिशी निळा आणि पिवळा मिसळून केलेला असतो. पिवळा निघून जातो, मोरपिशी हलत नाही आणि झाडाच्या जागी निळं झाड उगवतं! सगळ्यात अवघड भीमजयंतीचा निळा. १४ एप्रिलसाठी पोरांना तो तेजस्वी निळाच हवा, नेव्ही दाखवला तर तोंड वाकडं करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तसला झळाळता निळा देणारे काही रंग या पेस्टला बधत नाहीत. म्हणून त्या ऑर्डरी आम्ही सध्या साध्या पांढऱ्या पिगमेंटवर करतो, चित्र लहान ठेवून.

आता प्रत्येक खरेदीला आम्ही बिलावर लिहून घेतो: रिअॅक्टिव्ह रंगाई, डिस्चार्ज होणारा माल, लॉट नंबर अमुक, लॉट बदलल्यास माल परत. पहिल्यांदा दोन व्यापाऱ्यांनी नकार दिला, तिसऱ्यानं लिहिलं. आता पहिल्या दोघांतलाही एक लिहून देतो. आणि गटाची एक जाड वही आहे. प्रत्येक लॉटचा छापलेला तुकडा त्यात टाचलेला, शेजारी तारीख, दुकान, दर, माप. काळ्याची पानं भरत आलीत. निळ्याच्या पानावर सात तुकडे आहेत, त्यातले पाच निळेच राहिले आणि दोन पांढरे झाले. त्या दोन लॉटचा माल पुढच्या भीमजयंतीसाठी फेब्रुवारीतच सांगून ठेवायचा, असं मागच्या बैठकीत ठरलंय.